आईचा 'ओ' गट ओ नव्हता

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा रक्ताचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. तिचा गट ओ पॉझिटिव्ह, कुठेही मिळणारा. माझ्या जन्माच्या वेळच्या पिवळ्या पडलेल्या कार्डावरही तेच लिहिलेलं. आम्ही कोथरूडला मयूर कॉलनीत राहतो, रुग्णालयही जवळचंच. शस्त्रक्रियेला आठवडा राहिला असताना रक्तपेढीतून फोन आला, "ओ गटाची एकही पिशवी आईंना जुळत नाहीये. जरा येऊन भेटता का?"

तिथल्या डॉक्टरांनी समोर बसवलं. "तुमचा स्वतःचा गट?" बी पॉझिटिव्ह. "वडिलांचा?" ओ. त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं. आई-वडील दोघेही ओ असतील तर मुलगी बी कशी? इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता.

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. आपल्या लाल पेशींवर आधी एच नावाचा घटक तयार होतो आणि त्याच पायावर ए किंवा बी चढतो. ओ गटात नुसता पाया असतो. आईकडे तो पायाच नाही. बी देणारं जनुक तिच्यात आहे, तेच माझ्याकडे आलं. पण तिच्या स्वतःच्या पेशींवर ते उमटायला जागाच नव्हती. नेहमीच्या चाचणीत अशा पेशी अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्ही सीरमशी गुठळ्या करत नाहीत, म्हणून गट ओ दिसतो. फरक कळतो तो उलट तपासणीत. रुग्णाचं सीरम ओ गटाच्या पेशींवर टाकायचं. खऱ्या ओ माणसाच्या सीरमला त्या आपल्याच वाटतात. आईच्या सीरमने त्यांच्या गुठळ्या केल्या.

हा बॉम्बे रक्तगट. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधला आणि १९५२ साली 'द लॅन्सेट'मध्ये जगापुढे मांडला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो, युरोपात तर लाखोंमध्ये एखाद्याचा. आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं, त्यामुळे नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त आढळतो. आईचे आई-वडील आते-मामे भावंडं होती.

माझ्या जन्माच्या वेळी आईला रक्त लागलं असतं तर त्या कार्डावर भरवसा ठेवून कुणीही ओची पिशवी लावली असती. तिच्या शरीरातल्या प्रतिपिंडांनी त्या पेशी फोडल्या असत्या. मग मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. दुसऱ्या एका विचाराने मला अजून राग येतो. 'आई ओ, बाप ओ आणि मूल बी' एवढ्या कागदावरून किती घरांत एखाद्या बाईकडे संशयाने पाहिलं गेलं असेल! ती खरी होती आणि चाचणी अपुरी होती, हे तिला कुणी सांगितलं असेल का?

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. आईचं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे तिचंच रक्त आधी काढून ठेवण्याचा मार्ग बंद. सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक. चिपळूणचा मामा रात्रीच्या एसटीने आला, सकाळी त्याची तपासणी झाली. तोही बॉम्बे! "म्हणजे मी ताईला चालतो?" एवढंच त्याने विचारलं आणि बाही वर केली.

एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या चाचण्या त्याच्याही रक्ताच्या झाल्या. भाऊ म्हणून सूट नाही. उलट रक्त सख्ख्या नात्यातलं, म्हणून पिशवीवर किरणांची प्रक्रियाही करावी लागली. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात मुक्काम ठोकून त्याच्यावरच उलटू नयेत यासाठी. जवळच्या माणसाचं रक्त जास्त सुरक्षित असतं, हा आपला समज किती अर्धवट आहे ते मला तिथे कळलं.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री ती पिशवी लागली. दोन सिस्टर पलंगाशी आल्या. एकीने आईलाच नाव विचारलं, मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर मोठ्याने वाचला. दुसरीने पिशवीवरचा गट, नंबर, मुदत वाचली. आई म्हणाली, "अगं, सकाळपासून तूच तर आहेस ना इथे!" "तरी सांगा, मावशी." पहिली पंधरा मिनिटं ती सिस्टर हलली नाही, नाडी, ताप, कंबरेत दुखतंय का, थंडी वाजतेय का, विचारत राहिली. चुकीचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा नावाच्या, चिठ्ठीच्या घोटाळ्यातून. त्या पुन्हा पुन्हा विचारण्याचं मोल मी शब्दांत सांगू शकणार नाही.

मामाचं नाव आता दुर्मिळ गटाच्या दात्यांच्या यादीत आहे. त्याच्या दोन्ही मुलांचे गट नेहमीचेच निघाले, जनुक तेवढं त्यांच्यातून पुढे जाऊ शकतं. राहिली गुहागरची मावशी. तिच्याही जुन्या कार्डावर ओच आहे. "मला काय धाड भरलीय?" म्हणून ती तपासणी टाळते आहे. दिवाळीत मी स्वतः तिला घेऊन रत्नागिरीला जाणार आहे.