विदूषकाची साक्ष

विस्मृती आणि असत्य या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. ‘मला आठवत नाही’ असे म्हणणारा मनुष्य खरोखर विसरला आहे, की विसरल्याचे सोंग करीत आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? हा प्रश्न मनात आला की मला दुष्यंत आठवतो.

महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला सारे आठवत असते. शकुंतला पुत्राला घेऊन सभेत येते, तेव्हा तो जाणूनबुजून तिला नाकारतो. आणि आकाशवाणीने तिचा शब्द खरा ठरविल्यावर, लोकांना शंकेस जागा राहू नये म्हणून आपण तसे वागलो, असे सांगतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी योजून राजाला या दोषातून सोडविले, असे म्हणण्याची रीत आहे. ते खरे आहे, पण अर्धेच.

दुसऱ्या अंकात राजा विदूषकापाशी शकुंतलेचे मनसोक्त वर्णन करतो. मग मातेच्या निरोपामुळे विदूषकाला राजधानीस धाडण्याची वेळ येते. हा बडबड्या अंतःपुरात सारे सांगून टाकील या भयाने राजा त्याला म्हणतो, की ती सारी थट्टा होती, खरे मानू नकोस. प्रेक्षक हसतात आणि विसरतात. पाचव्या अंकात शकुंतला राजद्वारी येते, तेव्हा विदूषक तेथे नसतोच. राजानेच त्याला हंसपदिकेची समजूत घालण्यास पाठविलेले असते. सहाव्या अंकात अंगठी मिळून राजाची स्मृती परतते आणि तो मित्राला विचारतो, की तू तरी मला आठवण का दिली नाहीस? विदूषक सरळ सांगतो, की आपणच ती थट्टा म्हणालात, मी ते खरे मानले. चार अंकांपूर्वीच्या त्या हसण्याचा अर्थ तेव्हा कळतो. शापाने राजाची स्मृती नेली खरी. पण साक्षीदार त्याने शापापूर्वीच, शुद्धीत असताना, गमावला होता.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही कथा आपल्या घराघरांत गायिली गेली. पदे सर्वांना पाठ झाली. विदूषकाचे ते एक वाक्य मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मलाही त्याचे मोल नाटकघरात कळले नाही, घरात कळले.

आमच्या थोरल्या काकींना उतारवयात विस्मृतीने घेरले. त्यांच्या बोलण्यात काळाचा क्रम उरला नव्हता. नातीचे बारसे आधी येई आणि स्वतःचे लग्न मागाहून. एक गोष्ट मात्र त्या पुनःपुन्हा सांगत: धाकट्या दिरांच्या शिक्षणासाठी आपण हातातल्या पाटल्या मोडल्या. प्रत्येक वेळी साल निराळे, सोनार निराळा. घरातली मंडळी मान डोलावीत आणि एकमेकांकडे पाहून हसत; कारण धाकट्या काकांनी तरुणपणापासून सर्वांना एकच सांगितले होते, की आपण शिष्यवृत्तीवर शिकलो. ते असत्य कोणाचे वाईट करण्यासाठी नव्हते. स्वाभिमानी तरुणाने झाकलेली ती एक उणीव होती. पण काकींच्या शब्दाला जो एकच साक्षीदार होता, तो त्यामुळे आधीच बाद झाला होता.

एका चतुर्थीला काका गणपतीसमोर सर्वांदेखत म्हणाले, “पाटल्या होत्या. चार होत्या. वहिनी सांगतात ते अक्षरशः खरे आहे.” सारे घर स्तब्ध झाले. काकींनी मात्र कौतुकाने त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, “कसल्या पाटल्या रे?”

विस्मृती झालेल्याचा शब्द आपण संशयाने तोलतो. साल चुकले की गोष्टच खोटी धरतो, आणि ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांना मात्र कोणी तपासीत नाही. वास्तविक कथेतला सर्वांत अविश्वसनीय मनुष्य विसरलेला नसतो. सोयीसाठी एकदा ‘ती थट्टा होती’ असे सांगून मोकळा झालेला असतो. दुष्यंताला मारीचाच्या आश्रमात पत्नी आणि पुत्र परत मिळाले. प्रत्येकाच्या वाट्याला सातवा अंक येतोच असे नाही. म्हणून साक्ष वेळेवर द्यावी.