वस्तऱ्याची अदब

मनुष्य आपला कंठ परक्या माणसाच्या स्वाधीन करून निश्चिंतपणे डोळे मिटतो, असे प्रसंग व्यवहारात विरळाच. त्यातही त्या परक्याच्या हाती उघडे पाते असावे आणि तरीही गिऱ्हाइकाला सुखाची डुलकी लागावी, हे नवल आपल्या ध्यानातही येत नाही, इतकी न्हाव्याच्या हाताची अदब आपल्या अंगवळणी पडून गेली आहे.

धोकटीतल्या कात्री, चिमटा, नराणी या मंडळींत वस्तरा मोठा मानी. शेफील्डच्या किंवा जर्मनीतील झोलिंगेनच्या पोलादाचे, दोन्ही अंगांनी खोलगट घासून धारेपाशी अत्यंत तनु केलेले ते पाते दगडावर पाजवून भागत नाही. दर दाढीपूर्वी त्याला चामडी पट्ट्यावर फिरवावे लागते, आणि नवशिक्याची परीक्षा होते ती तिथेच. पाठ पुढे आणि धार मागे, अशा रीतीने पाते न्यायचे व पट्ट्याचे टोक आले की ते पाठीवरच उलटवायचे. चुकून धारेवर उलटले, तर पट्टाही चिरतो आणि धारही मरते.

साबणाच्या फेसाने, पूर्वी नुसत्या पाण्याने चोळून, केस मऊ झाले की डाव्या अंगठ्याने कानापुढची कातडी वर ताणून न्हावी पाते सुमारे 30 अंशांनी टेकवतो. ते अधिक उभे झाले तर कातडी कापते, फार निजले तर केस ओढला जातो. पहिला हात केसांच्या ओघाने, दुसरा आडवा. कंठमण्यापाशी आल्यावर गिऱ्हाईक आवंढा गिळणार, हे कसबी हाताला आधीच उमगते आणि पाते अलगद वर उचलले जाते. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भयाने हल्ली वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला ब्लेडचे नवे अर्धे पाते बसते, हे योग्यच झाले. पट्ट्याचे काम संपले, तथापि हाताचे संपलेले नाही.

गावगाड्यात मात्र या हाताचा मान बलुत्यापुरताच होता. पाटील-कुलकर्ण्यांची मान ज्याच्यापुढे रोज झुके, त्याने सुगीला खळ्यावर आपल्या वाट्याच्या धान्यासाठी तिष्ठत राहावे, असा दस्तूर. आणि पतिनिधनाने आधीच खचलेल्या स्त्रीच्या मस्तकावर वस्तरा चालवण्याचे क्रूर कर्मही त्याच दस्तुराने त्याच्या माथी मारलेले. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निश्चय केला. शास्त्राधाराचा खल विद्वज्जनांत चालू असता, ज्यांच्या हातावाचून ती रूढी क्षणभरही चालली नसती त्यांनीच हात आखडता घेतला. पाते कोठे टेकवावे हे कोणताही उमेदवार दोन-चार वर्षांत शिकतो. ते कोठे मुळीच टेकवू नये, हा निवाडा करणाऱ्यांनी मात्र आपल्या कसबाला धर्मशास्त्राहून वरचे आसन मिळवून दिले.