हातात कानस, खिशात विद्यावेतन

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, "पुढे काय?" सायन्स की कॉमर्स, एवढंच जणू जगात आहे! पण तुमच्यातल्या कुणाला मिक्सरची मोटर उघडून बघायला आवडत असेल, तर आणखी एक वाट आहे. मी त्याच वाटेने गेलो, म्हणून सांगतो.

आयटीआयमध्ये दोन वर्षं फिटरचा कोर्स केला आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, म्हणून लागलो. शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, तो शिकायला आलेला असतो. १९६१ च्या कायद्याप्रमाणे त्याच्याशी लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. वय किमान १४ लागतं, धोक्याच्या उद्योगांत १८. उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतात. दरमहा विद्यावेतन मिळतं. त्याची किमान रक्कम सरकार ठरवतं, पण ते पगाराएवढं नसतं हं!

आता शिकायचं कसं? सुरुवातीला माझ्या हातात फक्त कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. मग आमचे उस्ताद त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरत. फटीतून उजेड दिसला की म्हणत, "अजून पोट आहे रे, घास!" काटकोन ९० अंशांचा, हे मला पाचवीपासून पाठ. तो हाताला कळायला तीन आठवडे लागले.

पण असा उस्ताद सगळ्यांनाच मिळत नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलाला महिनोन्‌महिने खोकी भरायला बसवलं. वर्ष संपलं तेव्हा त्याला खोकी छान भरता येत होती! म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणता ट्रेड शिकवणार? शिकवणार कोण? शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार ना? विचारायला लाजू नका. आणि रोज काय शिकलात ते वहीत लिहून ठेवा.

आणखी एक. उमेदवारी संपली की तिथेच नोकरी मिळेल, असं धरून चालू नका. कायद्याची तशी सक्ती नाही. मलाही ठेवून घेतलं नाही. त्या दिवशी घरी कुणी फारसं बोललं नाही. पण पुढच्या ठिकाणी साहेबांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं, एक तुकडा पुढे केला आणि म्हणाले, "काटकोनात करून दाखव." मी करून दाखवला.

रेल्वेचे कारखाने, एसटीची आगारं, खासगी कंपन्या, सगळीकडे शिकाऊ उमेदवार घेतात. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. तरी आधी जवळच्या आयटीआयमध्ये एक चक्कर मारा. आईबाबांनाही बरोबर न्या. वर्कशॉप एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटेल, बरं का!