विचारावे कसे, तेही शिकूया

आम्ही कारकून माणसे. अर्धे आयुष्य फायलींत गेले. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन नुसते “एक कागद हवा” म्हटले, तर कोणी दाद देत नाही. खाते कोणते, साल कोणते, विषय काय, हे नेमके सांगितले की गठ्ठ्यातून पान निघते. गूगलचेही तसेच आहे. १९९८ साली सुरू झालेली ही कंपनी आज आपल्या मुलाबाळांच्या खिशात आहे. पण तिला नेमके विचारण्याची साधने थोड्यांनाच ठाऊक आहेत.

संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयात आम्ही मुलांचे अर्ज भरून देतो. एकदा गावाहून शिकायला आलेली एक मुलगी म्हणाली, “काका, स्वाधार माझ्यासाठी नाही. ती निराधार बायकांसाठी आहे.” तिला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. खोलीभाडे परवडेना, म्हणून कॉलेज सोडून पॅकिंगच्या कामाला जायचे तिने ठरवले होते. तिने फक्त ‘स्वाधार’ एवढेच लिहून शोधले होते आणि वाचली ती महिलांच्या ‘स्वाधार गृह’ योजनेची माहिती. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना वेगळीच!

आम्ही तिच्याच मोबाईलवर शोधले. ‘आंबेडकर स्वाधार योजना’ हे शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले. असे केले की तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पाने पुढे येतात. नको असलेल्या शब्दाआधी, मध्ये जागा न सोडता, वजाबाकीची खूण द्यावी. आम्ही ‘गृह’ असा वजा केला. मग इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ लिहिले, म्हणजे फक्त सरकारी संकेतस्थळे उरली. शासन निर्णयाची मूळ प्रत हवी असेल तर तसेच इंग्रजीत ‘फाइलटाइप’, कोलन आणि ‘पीडीएफ’ लिहावे.

राहिली तारीख. जुन्या वर्षाची मुदत वाचून कितीतरी मुले “संपली” म्हणून घरी बसतात. निकालांच्या वरच्या ओळीत शेवटी ‘टूल्स’ असते. तिथे गेला आठवडा, गेला महिना, गेले वर्ष असा काळ निवडता येतो.

त्या मुलीचा अर्ज मुदतीत गेला. मंजुरी देणे शासनाच्या हाती. पण माहितीअभावी तिचा हक्क बुडाला नाही, हे महत्त्वाचे.

माताभगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सर्वांत वर दिसते ते खरेच असते असे नाही. ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेले असेल तर ती पैसे भरून लावलेली जाहिरात समजावी. बँकेचा किंवा गॅसचा फोन नंबर गूगलवर शोधू नये. पासबुकावर, पावतीवर छापलेला नंबरच लावावा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

यासाठी पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही. घरटी एकाने ही साधने शिकावीत आणि शेजारच्या घरातल्या एकाला शिकवावीत. नेमके विचारता येऊ लागले, की अर्धा दलाल आपोआप हटतो.