लंडनचें चाक : पाहावें कीं न पाहावें ?

विलायतेहून परत आलेल्या माणसास आमच्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. थंडी सोसली का, जेवणाचे हाल झाले का, आणि तें नदीकांठचें मोठें चाक पाहिलें का. पहिल्या दोहोंचीं उत्तरें ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून असतात. तिसऱ्याविषयीं मात्र एकवाक्यता म्हणून आढळत नाहीं. एक म्हणतो, तें पाहिलें नाहीं तर लंडन पाहिलेंच नाहीं. दुसरा म्हणतो, जत्रेंतला पाळणा तो, त्याला एवढे पैसे कशाला मोजावयाचे? गेल्या वैशाखांत आम्ही पुतण्याकडे लंडनला गेलों असतां हाच वाद घरांत आठ दिवस चालला होता. तो कसा मिटला, तें येथें सांगावयाचें योजिलें आहे. कारण सुटींत मुलाबाळांकडे जावयास निघणाऱ्या पुष्कळ कुटुंबांत तो उपस्थित होत असेल.

ज्यांनीं हें चाक पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं प्रथम त्याची थोडी माहिती दिली पाहिजे. थेम्स नदीच्या ज्या तीरास लंडनचे लोक दक्षिण तीर म्हणतात, त्या तीरावर, जुन्या काउंटी हॉलच्या शेजारीं हें चाक उभें आहे. पार्लमेंटची इमारत नदीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर दिसते. उंची 135 मीटर, म्हणजे सुमारें 443 फूट. परिघावर अंड्याच्या आकाराच्या, चोहों बाजूंनीं कांचेच्या 32 कुप्या आहेत. लंडनचे परगणे 32, म्हणून कुप्याही तितक्याच; पण त्यांवरील आंकडे मात्र 33 पर्यंत जातात, कारण 13 हा आंकडा त्या लोकांत अशुभ मानितात आणि तो मधून गाळलेला आहे. अमावास्येस प्रवास टाळणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांस हंसणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी ! एका कुपींत पंचवीस माणसें मावतात, आणि एक फेरा पुरा होण्यास जवळजवळ अर्धा तास लागतो. चाकाची गति सेकंदास 26 सेंटिमीटर. म्हणजे देवळाभोंवतीं प्रदक्षिणा घालणारी म्हातारीही त्याच्या पुढें जाईल.

या चाकाची कल्पना डेव्हिड मार्क्स व ज्युलिया बारफील्ड या वास्तुशिल्पी दांपत्याची. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठीं लंडनांत कांहींतरी स्मारक असावें म्हणून 1993 सालीं एक स्पर्धा निघाली होती. स्पर्धेंत कोणालाच बक्षीस मिळालें नाहीं. पण या नवराबायकोंनीं आपली कल्पना सोडली नाहीं. चाकाचे भाग नदींतून पडावांवर घालून आणले, पाण्यावरच आडवे ठेवून जोडले, आणि मग सगळें चाक हळूहळू उभें केलें. 1999 च्या सप्टेंबरांतला पहिला प्रयत्न फसला. दुसरा पुढच्याच महिन्यांत साधला. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीं उद्घाटन झालें, पण लोकांसाठीं तें खुलें झालें 2000 च्या मार्चांत. परवानगी प्रथम पांच वर्षांपुरतीच होती; पुढें ती कायम झाली. पाहुणा म्हणून आला आणि घरचाच झाला, असा हा प्रकार.

ही चाकांची हौस कांहीं आजची नव्हे. 1889 त पॅरिसनें आयफेल मनोरा उभारला, तेव्हां आपणही कांहीं अचाट करून दाखवावें या ईर्षेनें 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस नांवाच्या इंजिनिअरानें 264 फूट उंचीचें चाक उभें केलें. त्यास 36 डबे असून प्रत्येकांत साठ माणसें बसत. दोनच वर्षांनीं, 1895 त, लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागांत सुमारें 300 फुटांचें चाक झालें, आणि तें झालें हिंदुस्थानाच्या नांवानें भरविलेल्या प्रदर्शनांत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. 1896 त तें एकदां फिरतां फिरतां अडकलें आणि प्रवाशांस सारी रात्र अधांतरीं काढावी लागली. पुढें दहा-बारा वर्षांतच तें मोडून टाकण्यांत आलें. उंचीच्याच दृष्टीनें पाहिलें तर आजचें चाकही आतां पहिलें राहिलें नाहीं. सिंगापूरचें 165 मीटर, अमेरिकेंतील लास व्हेगासचें त्याहून थोडें अधिक, आणि 2021 सालीं दुबईस झालेलें तर 250 मीटर आहे. केवळ उंचीची बढाई मारावयाची असेल, तर लंडनला जाण्याचें कारण नाहीं.

आमचें स्वतःचें मत आरंभापासून विरुद्ध होतें, हें प्रांजळपणें सांगतों. पूर्वीं एकदां आम्ही त्या गांवीं गेलों असतां चाक खालूनच पाहून परतलों होतों, आणि त्याचा आम्हांस अभिमानही वाटत होता. तिकीट माणशीं तीस पौंडांच्या आसपास. दिवस व वेळ पाहून कमीजास्त होतें. यंदां आम्ही सहा माणसें. सगळ्यांचा हिशेब आपल्या रुपयांत वीस हजारांच्या घरांत जात होता. इतके पैसे देऊन मिळावयाचें काय, तर अर्ध्या तासाचा एक संथ फेरा ! त्याच गांवांत प्रिमरोझ टेकडीवर फुकट जातां येतें आणि सारें शहर समोर पसरलेलें दिसतें. टेकडीजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरांत डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेंत राहिले, तें 2015 त महाराष्ट्र सरकारनें विकत घेतलें आहे. तेंही त्याच फेरींत पाहून होतें. ग्रीनिचच्या बागेंतूनही नदी सुरेख दिसते. ज्यास उंचावरून पाहण्याची हौस आहे त्यास एवढें पुरे, असें आमचें म्हणणें. पुतण्याचेंही मत तेंच होतें. इतकीं वर्षें तेथें राहून त्यानें चाकांत एकदांही पाऊल ठेविलें नव्हतें.

आमच्या या शहाणपणांत एक माणूस हिशेबाबाहेर राहिलें होतें. तें म्हणजे आमच्या आत्याबाई.

आत्याबाईंचें वय अठ्याहत्तर. मुलींच्या शाळेंत त्यांनीं तीस वर्षें भूगोल शिकविला. पुस्तक न पाहतां फळ्यावर नकाशा काढण्यांत त्यांचा हातखंडा असे. नाईल, गंगा, थेम्स, सगळ्या नद्या त्यांच्या खडूंतून वाहिल्या. प्रत्यक्ष मात्र मुळा-मुठा आणि पंढरपूरची भीमा यांपलीकडे फारशा पाहण्याचा योग आला नाहीं. साठी उलटेपर्यंत रोज पहाटे पर्वती चढण्याचा त्यांचा नेम होता. पुढें गुडघ्यांनीं दगा दिला, आणि चढण म्हणून जें जें असेल तें त्यांच्या आयुष्यांतून वजा झालें.

प्रिमरोझ टेकडीवर आम्ही गेलों तेव्हां आत्याबाई पायथ्याच्या बांकावर बसून राहिल्या. दोन दिवसांनीं सेंट पॉलचें मंदिर पाहावयास गेलों. त्याच्या घुमटाच्या माथ्यापर्यंत 528 पायऱ्या आहेत. आत्याबाईंना खालीं बसवून, सगळ्यांचे कोट व पिशव्या त्यांच्यापाशीं ठेवून आम्ही वर गेलों. तासाभरानें धापा टाकीत उतरलों, तों त्या तशाच सामान राखीत बसलेल्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "वरून नदी कशी दिसते रे ?"

आम्ही म्हटलें, "छान दिसते."

आत्याबाई हंसल्या व म्हणाल्या, "छान हें उत्तर आमच्या वर्गांत चालत नसे."

त्या रात्रीं सौभाग्यवतींनीं आम्हांस एका बाजूला घेऊन विचारलें, "टेकडीवर त्या पायथ्याशीं, देवळांत त्या तळाशीं. आत्याबाईंना आपण लंडन दाखवावयास आणलें आहे, कीं कोट राखावयास ?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें एक तोड सुचविली. व्यापारी पेठेंतील एका उंच इमारतीच्या माथ्यावर 2015 पासून एक बाग आहे. तेथें जावयास उद्वाहक असून पैसेही पडत नाहींत. मात्र जागा अगोदर राखून ठेवावी लागते, आणि आमच्या मुक्कामांतल्या जागा भरून गेल्या होत्या. मग चाकावांचून गत्यंतर उरलें नाहीं. आत्याबाईंनीं किंमत ऐकून साफ नकार दिला. "एवढ्यांत आपल्याकडच्या एका मुलीची वर्षाची फी भागेल," असें त्या म्हणाल्या. शेवटीं सूनबाईंनीं तिकिटें अगोदरच घेतल्याचें सांगितलें, तेव्हां पैसे फुकट जाऊं नयेत म्हणून त्या निघाल्या.

चाक सहसा थांबत नाहीं. तें चालतें असतांच कुपींत चढावयाचें असतें. आत्याबाईंची काठी पाहून तेथल्या माणसानें तें त्यांच्यासाठीं क्षणभर थांबविलें. आंत मधोमध लांकडी बांक आहे, त्यावर त्या बसल्या. पहिलीं कांहीं मिनिटें नदीचा कठडा आणि काउंटी हॉलच्या भिंतीच दिसत होत्या. आमच्या मनांत वीस हजारांचा हिशेब पुन्हां सुरू झाला. मग छपरें खालीं गेलीं, पलीकडच्या तीरावर पार्लमेंटचीं शिखरें उघडीं पडलीं, आणि घड्याळाचा तो प्रसिद्ध मनोरा आमच्या डोळ्यांच्या रेषेंत आला. आत्याबाई केव्हां उठून कठड्यापाशीं गेल्या, तें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

"दुपारचे चार वाजले आहेत, आणि सूर्य त्या पार्लमेंटच्या अंगाला आहे," त्या पणतीला सांगूं लागल्या. "म्हणजे पश्चिम त्या बाजूला. मग ही नदी कोणीकडे चालली आहे ? सांग पाहूं."

मुलीनें हातानें दाखविलें. नदी उत्तरेकडे चालली होती.

"मीं तीस वर्षें शिकविलें, थेम्स पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. खोटें नव्हे तें. पण येथें ती उत्तरेला जाऊन मग पूर्वेला वळते. तें बघ वळण." आणि खरोखरच आगगाडीच्या पुलापलीकडे नदीनें घेतलेलें तें मोठें वळण आमच्या पायांखालीं उलगडत होतें. ज्याला दक्षिण तीर म्हणतात, तें या ठिकाणीं पूर्व तीर आहे, हें त्या शहरांत राहणाऱ्या आमच्या पुतण्यास त्या दिवशीं प्रथमच कळलें ! ओहोटीची वेळ होती. कांठाचा चिखल उघडा पडला होता. समुद्र कित्येक कोस दूर असूनही त्याची भरती दिवसांतून दोनदां येथवर येते व आणखी वर टेडिंग्टनपर्यंत जाते. त्या भरतीबरोबर गलबतें आंत येत, म्हणून हें शहर एवढें व्यापारी झालें. हें सगळें त्या चिखलाकडे बोट दाखवून आत्याबाई सांगत होत्या. नऊ वर्षांची पणती पाऊण फेऱ्यापर्यंत मन लावून ऐकत होती. मग मात्र तिला आइस्क्रीम आठवलें.

चाकाचा संथपणा हा त्याचा दोष, असें आम्ही समजत होतों. तो समज त्या अर्ध्या तासांत गेला. उद्वाहक माणसाला एका बंद पेटींत घालून एकदम माथ्यावर सोडतो. मधलें कांहीं दिसत नाहीं. पर्वती चढतांना एकेका टप्प्यावर मागें वळून पाहावें, दर वेळीं पुणें थोडें अधिक दिसावें, आणि मघांशीं वेगळीं वाटलेलीं दोन ठिकाणें शेजारीं आहेत असें कळावें, तसें त्या चाकांत होतें. धडधाकट माणसास हें सुख कोणत्याही टेकडीवर फुकट मिळतें. ज्याचे गुडघे गेले त्याला तें विकत घ्यावें लागतें, आणि तें फार थोड्या ठिकाणीं विकत मिळतें.

तेव्हां वाचकांस आमचें सांगणें असें. तरुणांनीं व पाय शाबूत असलेल्यांनीं टेकडीवर जावें, पैसे वांचवावे. अगदीं लहान मुलांस नेऊं नये. त्यांस वेग हवा असतो आणि तो तेथें नाहीं. ढगाळ दिवशीं कोणीच जाऊं नये. स्वच्छ हवेंत चाळीस किलोमीटरपर्यंत दिसतें म्हणतात, पण पावसांत समोरचा तीरही धड दिसत नाहीं. तिकीट आयत्या वेळीं दारावर घेण्यापेक्षां अगोदर घेतलेलें स्वस्त पडतें; मात्र दोन दिवसांपलीकडचा हवेचा अंदाज धरून घेऊं नये. आणि बरोबर कोणी वडील माणूस असेल, ज्याला आपण जागोजाग खालीं बसवून वर जात आलों आहों, तर पैशांचा विचार न करतां एकदां त्यास घेऊन जावें. सगळ्यांचीं तिकिटें काढण्याचेंही कारण नाहीं. सोबतीस एक माणूस पुरें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आत्याबाईंनीं पणतीच्या वहीचा एक कागद मागून घेतला आणि पेन्सिलीनें नदीचें तें वळण काढलें. उत्तरेकडे बाण काढला, पूल मांडले, भरतीची खूण केली. कागद निरखून पाहिल्यावर त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "नकाशा बरोबर आला. पण पैसे फार घेतात हो !"