आठ गेले, तीन राहिले

खरं सांगते, मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. त्यातून मी ज्या फुटबॉलबद्दल लिहिणार आहे, तो आपला पायाने खेळायचा फुटबॉलही नाही. हेल्मेट घालून, खांद्यांवर गाद्या बांधून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारा अमेरिकन फुटबॉल! तरीही एप्रिलपासून आमच्या इंदूरच्या घरात रोज संध्याकाळच्या चहाला एकच विषय आहे: यंदा ओहायो स्टेटचा बचाव टिकणार का?

ओहायो स्टेट म्हणजे माझ्या दादाचं कॉलेज. तो ऑगस्ट २०२१ मध्ये एमएस करायला कोलंबसला गेला. जाताना त्याच्या बॅगेत आईने दिलेलं मेतकूट होतं, कुकर होता आणि डोक्यात फक्त क्रिकेट होतं. पहिल्याच सेमिस्टरला तो एक सामना बघायला गेला आणि तिथून त्याने फोटो पाठवला. घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम, १९२२ साली बांधलेलं, एक लाखाहून जास्त माणसं बसतील एवढं. बाबांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "कॉलेजच्या मॅचला एवढी गर्दी? आमच्या बँकेच्या मॅचला तर खेळणाऱ्यांच्या बायकाही यायच्या नाहीत!"

बाबा तरुणपणी बँकेच्या संघातून कबड्डी खेळायचे. कोपऱ्यात उभे राहायचे, पकड करायला. त्यामुळे दादाने जेव्हा त्यांना हा खेळ समजावून सांगितला तेव्हा तो कबड्डीतूनच सांगितला. तुम्हालाही तसाच सांगते. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, ते चढाई करणारे. त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चारमध्ये जमलं तर पुन्हा नव्याने चार संधी. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. म्हणून तीन संधी वाया गेल्या की बरेचसे संघ चौथ्या वेळी धोका पत्करत नाहीत. चेंडू लाथ मारून लांब भिरकावून देतात, निदान आपल्या दारापासून दूर तरी जाईल. त्याला पंट म्हणतात. बचाव करणाऱ्यांचं काम एवढंच, की समोरच्याला दहा यार्ड मिळू द्यायचे नाहीत.

"म्हणजे पकड महत्त्वाची," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते बचावाचे झाले. गोल कोण करतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बँकेच्या जुन्या डायरीत त्यांनी बचावातल्या अकरा जणांची नावं देवनागरीत लिहून ठेवली. त्यातलं तुइमोलोआउ हे नाव तीन वेळा खोडून लिहिलं आहे.

तुम्ही यंदाच्या ११ जानेवारीला सकाळी सहा वाजता काय करत होता? आम्ही तिघं सोफ्यावर गोधडी घेऊन बसलो होतो. तिकडे १० तारखेची रात्र. उपांत्य सामना, समोर टेक्सास. दादाने त्याचा फोन टीव्हीसमोर उभा करून व्हिडिओ कॉल लावला होता. चित्र धूसर, आवाज अडकत अडकत. शेवटची काही मिनिटं उरलेली, ओहायो स्टेट २१, टेक्सास १४. आणि टेक्सास एक यार्डावर येऊन ठेपलेलं. एक यार्ड म्हणजे आमच्या सोफ्यापासून टीपॉयपर्यंत. चार संधी हातात.

पहिली संधी: काहीच नाही. दुसरी: उलट सात यार्ड मागे ढकलले. तिसरी: चेंडू खाली पडला. चौथ्या वेळी जॅक सॉयर नावाच्या मुलाने टेक्सासच्या क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत सुटला. तो क्वार्टरबॅक, क्विन यूअर्स, आधी ओहायो स्टेटलाच होता आणि सॉयरचा रूममेट होता! (दादा म्हणाला, रूममेटवर एवढा राग तर माझाही आहे, तो भांडी घासत नाही.) बाबा उभे राहिले, गोधडी खाली पडली, आईच्या हातातल्या पोह्यांच्या बशीतली शेव सगळ्या गालिच्यावर. दहा दिवसांनी अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ असं हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. त्या मोसमात या बचावाने सामन्यामागे सरासरी फक्त १२.९ गुण दिले. देशातल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांमध्ये सगळ्यात कमी.

आता गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते.

एप्रिलमध्ये एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक लीगची निवड झाली. सॉयर गेला. तुइमोलोआउ गेला. मधले दोन भक्कम, टायलीक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन, गेले. कोडी सायमन, डेन्झेल बर्क, लेथन रॅन्सम, जॉर्डन हॅनकॉक. अकरापैकी आठ. बचाव आखणारे प्रशिक्षक जिम नोल्स तर त्याआधीच पेन स्टेटला निघून गेले होते, विजेतेपदाचा गुलाल खाली बसायच्या आत. बाबांनी डायरीत आठ नावांवर पट्टीने सरळ रेघा मारल्या. बँकेतला माणूस, खोडाखोडही नीट करतो.

त्याच महिन्यात दादा आणि बाबांचं भांडण झालं.

शिक्षण संपल्यावर दादाला तिथे नोकरी लागली, पण ती एका मर्यादित मुदतीच्या परवानगीवर. शिकून झाल्यावर एक वर्ष, आणि इंजिनिअरिंगसारखं काही शिकला असाल तर आणखी दोन. त्या काळात एच-१बी व्हिसाच्या लॉटरीत नाव लागायला हवं. हो, लॉटरीच. कितीही हुशार असा, आधी चिठ्ठी निघावी लागते. २०२४ ला दादाचं नाव निघालं नाही. यंदाच्या मार्चमध्येही निघालं नाही. पुढच्या मार्चला शेवटची संधी आणि जुलैमध्ये त्याची मुदत संपते. बाबा फोनवर म्हणाले, "किती दिवस असं लटकत राहणार? परत ये." दादा म्हणाला, "कर्ज तुम्ही फेडणार का इंदूरच्या पगारात?" बाबांनी पीएफमधले पैसे काढून त्याच्या पहिल्या सेमिस्टरची फी भरली होती. ते काही बोलले नाहीत, फोन माझ्या हातात दिला आणि गच्चीवर गेले.

दादा चार वर्षांत एकदाही घरी आलेला नाही. बाहेर पडलो आणि परत आत घेतलं नाही तर, ही भीती. गेल्या वर्षी आजी गेली तेव्हा त्याने व्हिडिओवरूनच नमस्कार केला. आईने फोन आजीच्या पायांजवळ धरला होता. ते दृश्य मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगितलं.

भांडणानंतर ते दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एकदम अबोला नाही, पण सगळं माझ्यामार्फत. आणि गंमत म्हणजे, माझ्यामार्फत ते काय बोलायचे? बचावाबद्दल.

"त्याला विचार, नवा कोच कसा आहे."

मग मी दादाला विचारायचे आणि बाबांना सांगायचे. या धंद्यात मलाच सगळं वाचावं लागलं. मी दिवसभर साबण, मॅट्रेस आणि मुलांच्या टिफिनवर लिहिणारी कंटेंट रायटर, बीए इंग्लिश. मला या कॉलेजबद्दल आवडलेली एकमेव गोष्ट म्हणजे त्यांनी २०२२ मध्ये इंग्रजीतल्या 'द' या शब्दाचा ट्रेडमार्क मिळवला, टोप्या आणि टी-शर्टांसाठी. आम्हाला तीन वर्षं आर्टिकल्सचे नियम शिकवले, आणि तिकडे त्याचेही मालक निघाले! असो.

तर नवा कोच. मॅट पॅट्रिशिया. इथे बाबा खुलले, कारण हा माणूस शिक्षणाने एरोनॉटिकल इंजिनिअर. व्यावसायिक लीगमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा बचाव त्याने कित्येक वर्षं सांभाळला, कानावर पेन्सिल खोचून. पुढे डेट्रॉइटचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि तिथे जमलं नाही म्हणून काढला गेला. बाबांना ही दुसरी गोष्ट जास्त आवडली. "ज्याला एकदा काढलंय तो नीट काम करतो," ते म्हणाले. मला मात्र शंका आहे. व्यावसायिक खेळाडूंचा दिवसभराचा धंदाच तो. कॉलेजच्या पोरांना मोसमात आठवड्याला वीस तासच सराव करता येतो, वर अभ्यास. इंजिनिअरच्या डोक्यातले नकाशे वीस-एकवीस वर्षांच्या पोरांना वीस तासांत पाठ व्हायचे म्हणजे कठीणच.

पुढची फळी सगळी नवी. नवी म्हणजे कोरी नाही, केडन करी, केनयाटा जॅक्सन, केडन मॅकडोनल्ड ही मुलं गेल्या वर्षी मोठ्यांना दम खायला मिळावा म्हणून मध्येमध्ये आत जायची. त्यांचे गुरू लॅरी जॉन्सन सत्तरी ओलांडलेले आणि २०१४ पासून तिथेच आहेत. प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, हे मात्र जागच्या जागी. आई म्हणते, प्रत्येक घरात असा एक माणूस लागतो. तिचं फुटबॉलवरचं हे एकमेव मत.

आणि राहिलेले तिघं. केलेब डाऊन्स, सनी स्टाइल्स, डेव्हिसन इग्बिनोसुन. माझा भरवसा डाऊन्सवर. तो सगळ्यात मागे उभा असतो, पण चेंडू कुठे जाणार हे त्याला आधी कळतं आणि इतरांना तोच जागा दाखवतो. हा अलाबामाहून आलेला. तिथले नावाजलेले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले आणि याने कॉलेज बदललं. बाबांचा भरवसा स्टाइल्सवर. हा मुलगा आधी मागच्या रांगेत खेळायचा, गेल्या वर्षी त्याला मधल्या रांगेत आणलं. त्याचे वडीलही याच कॉलेजकडून त्याच मधल्या रांगेत खेळले होते. बाबांनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

मी म्हटलं, "बाबा, तिघांनी काय होतं? आठ जण गेलेत."

त्यावर बाबा काय म्हणाले माहितीये? "कबड्डीत मैदानात तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली, तर त्याला सुपर टॅकल म्हणतात. एक गुण जास्तीचा मिळतो."

हे मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांना सांग, माझा पण थर्ड डाऊन आहे. लांबचा आहे, पण आहे." आई शेजारी भाजी निवडत होती. तिने विचारलं, "आणि नाही जमलं तर?" दादा म्हणाला, "मग पंट." आईने मला विचारून घेतलं पंट म्हणजे काय, आणि म्हणाली, "मग इकडेच मार म्हणावं लाथ. आम्ही झेलतो."

पहिला सामना ३० ऑगस्टला आहे, पुन्हा टेक्सासशीच, पण यावेळी कोलंबसमध्ये. टेक्सास यंदा क्रमवारीत पहिलं. त्यांचा नवा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, ज्याचे दोन काका, पेटन आणि इलाय, या खेळातले मोठे लोक. म्हणजे नव्या फळीला सराव म्हणून सोपा पाहुणा नाही, थेट जावईच! माझा अंदाज विचाराल तर पहिला महिना डळमळीत जाईल. १ नोव्हेंबरला पेन स्टेट येतं तेव्हा नोल्स समोरच्या बाजूला उभे असतील, आणि तोवर पोरं तयार झालेली असतील. २९ नोव्हेंबरच्या मिशिगनबद्दल मी बोलत नाही. त्यांच्याकडून ओहायो स्टेट लागोपाठ चार वेळा हरलंय आणि त्या आठवड्यात दादा 'म' पासून सुरू होणारी भाजीसुद्धा खात नाही.

सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला. गणपती २७ तारखेला बसतायत, म्हणजे तो आरास-आरतीतला चौथा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी गौरी येणार. आई म्हणाली, घरात फराळाचं चालू असेल, आवाज कमी ठेवा. म्हणजे परवानगी मिळाली.

काल बाबा चहा घेता घेता म्हणाले, "त्याला विचार, पहिल्या अकरात कोण कोण आहे."

मी म्हटलं, "माझं मॅट्रेसचं काम बाकी आहे. तुम्हीच विचारा."

ते चष्मा शोधायला गेले. मग फोन डोळ्यांजवळ धरून एका बोटाने टाइप करत बसले. चहा गार झाला. मला वाटलं काय मोठं पत्र लिहितायत. मी वाकून बघितलं तर एवढंच: 'अकरा कोण?'

तिकडे सकाळचे साडेआठ वाजले असतील. दोन मिनिटांत उत्तर आलं. तीन नावं, खाली 'बाकी आठ अजून ठरायचेत बाबा', आणि त्याच्याखाली 'गोळ्या घेतल्या का?'

बाबांनी डायरी काढली, नवं पान उघडलं आणि तीन नावं लिहिली. खाली आठ ओळी मोकळ्या सोडल्या. मग मला म्हणाले, "गोळ्या घेतल्या का, याला काय म्हणायचं असतं गं? अंगठा पाठवू?"