डब्यातील जिल्हे

महाराष्ट्राच्या स्वयंपाकाचा नकाशा मुख्यतः पावसाने आखलेला आहे, आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा त्या नकाशावरील एका ठळक सीमेवर वसलेला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर तेथून अवघ्या चाळीस-पन्नास किलोमीटरवरील चाकणच्या माळापर्यंत त्याचा लहानसा अंशच पोचतो. त्यामुळे पश्चिमेला मावळात भाताची खाचरे आहेत आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित होऊन १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आलेला इंद्रायणी हा सुवासिक, शिजल्यावर किंचित चिकट होणारा तांदूळ आहे, तर पूर्वेला खेड आणि जुन्नरच्या बाजूला बाजरी, हुलगा आणि चाकणच्या बाजारपेठेला लौकिक मिळवून देणारा कांदा आहे. भात खाणारा आणि भाकरी खाणारा असे दोन मुलूख या ठिकाणी कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना भेटत आले आहेत.

फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि सिंधी कुटुंबांबरोबर साईभाजी, म्हणजे पालक, आंबट चुका आणि हरभऱ्याची डाळ एकत्र घोटून केलेली भाजी, पवना नदीच्या काठी आली. १९५४ मध्ये पेनिसिलिन तयार करण्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर आकुर्डी, पिंपरी, भोसरी या गावांच्या शिवारांत वाहनांचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहत गेले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे उद्योगांचा विस्तार चाकणच्या माळावर सरकला. या काळात जळगाव-धुळ्याकडून, लातूर-धाराशिवकडून, सोलापूर-सांगलीकडून, वऱ्हाडातून आणि कोकणातून माणसे येत राहिली. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसे त्यांत होती, तशी तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन आलेली तरुण मुलेही होती. त्यांच्या ट्रंकेत आणि बोचक्यात मसाल्याचा एक डबा असायचाच, आणि या नगरीच्या खाद्यजीवनाचा इतिहास त्या डब्यापासून मोजावा लागतो.

कारखान्यातील जेवणाची सुट्टी ही या इतिहासातील पहिली संस्था म्हणावी लागेल. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली, आणि मोठ्या कारखान्यांतून पोळी, भात, आमटी, उसळ असे सर्वांना चालेल ते जेवण मिळू लागले. परंतु सर्वांना चालणारे जेवण कोणत्याही एका गावचे नसते. गाव दिसते ते लहान कारखान्यात, जेथे यंत्राच्या आडोशाला वर्तमानपत्र अंथरून चार-सहा जण घरचे डबे उघडतात आणि एकाच्या डब्यातील सोलापुरी शेंगदाण्याची चटणी दुसऱ्याच्या बाजरीच्या भाकरीवर जाते. ज्याने आपल्या जिल्ह्याची वेस क्वचितच ओलांडली होती, त्याला अशा पंगतीत इतरांच्या जिल्ह्यांची प्रथम ओळख होते, आणि तीही कोणत्याही समारंभाशिवाय, केवळ भुकेच्या वेळी समोर आलेल्या घासातून. घरी परतल्यावर तो त्या घासाचे वर्णन करतो, आणि कुटुंबाच्या आवडीच्या यादीत एका नव्या पदार्थाचा प्रवेश बहुधा अशाच अपुऱ्या, पण उत्सुक वर्णनाने होतो.

दुसरी संस्था शेजार ही आहे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करू नये, हा मराठी घरांतील जुना रिवाज प्राधिकरणातील बैठ्या घरांत, थेरगाव-काळेवाडीच्या चाळींत आणि नंतरच्या उंच इमारतींतही टिकून राहिला, आणि त्या एका रिवाजाने पाककृतींची जेवढी देवघेव घडवली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने घडवली असेल. उन्हाळ्यात मसाला कांडपाच्या गिरणीवर हीच देवघेव उघड्यावर होते. कोणी लाल मिरचीबरोबर कांदा आणि लसूण घालून कोल्हापूर-साताऱ्याकडील कांदा-लसूण मसाला कुटून घेते, कोणी कांदा आणि सुके खोबरे काळेभोर होईपर्यंत भाजून खान्देशी काळा मसाला करते, तर कोणी दगडफूल, नागकेशर आणि तीळ घालून गोडा मसाला बांधते. रांगेत उभ्या असलेल्या स्त्रिया एकमेकींच्या परातींकडे पाहतात, दगडफूल किती आणि खोबरे किती हे विचारतात, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या तरी मसाल्याचा रंग बदललेला असतो.

तथापि, चव आवडणे आणि पदार्थ घरचा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खान्देशातील वांग्याच्या भरिताचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जळगावकडचे भरिताचे वांगे आकाराने मोठे, रंगाने हिरवट-पांढरे आणि कमी बियांचे असते, आणि त्याला भौगोलिक मानांकनही, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षणही, मिळालेले आहे. हे वांगे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालतात, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी वाढतात. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद मिसळून केलेले दळण. निगडीच्या एखाद्या स्वयंपाकघरात हे भरीत प्रथम गॅसच्या ज्योतीवर आणि बाजारात मिळेल त्या जांभळ्या वांग्याचे केले जाते. ते रुचकर होते, पण कृती सांगणाऱ्या खान्देशी शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटत नाही. मग हळूहळू उलगडत जाते की कपाशीच्या काड्या ही काही हौसेची भर नव्हती, काळ्या कसदार जमिनीत कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारे ते सहज इंधन होते. आणि भाकरीतला उडीद भाकरीला चव देतो तसा दिवसभर शेतात राबणाऱ्या शरीराला आधारही देतो. हे कळले की कुटुंब कळणा दळून आणू लागते, हिवाळ्यात गावाकडून येणाऱ्या वांग्यांची वाट पाहू लागते, आणि भरीत त्या घराच्या ऋतुचक्रात बसते. पदार्थ घरात येतो तो चवीमुळे, परंतु घरात राहतो तो त्यामागचे कारण समजल्यामुळे.

मराठवाड्यातील येसराचेही असेच आहे. येसर म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून एकत्र दळलेले पीठ. पाण्यात कालवून फोडणीच्या उकळीत सोडले की त्याची दाट, खमंग आमटी होते. जेथे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि ताजी भाजी दुर्मीळ होते, तेथे मूठभर कोरड्या पिठातून घरभर माणसांचे कोरड्यास उभे करण्याची ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या काटकसरीतून घडलेली आहे. वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला जाणाऱ्या घरांना आज येसर सोयीचे म्हणून आवडते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या सोयीमागे दुष्काळाशी केलेला दीर्घ सामना आहे, हे जाणणाऱ्याच्या तोंडी त्या आमटीला अधिक खोल चव येते. याच प्रदेशातील वेळा अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातील अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे सारे घर शेतात जाऊन जेवते. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे आणि हाती लागतील त्या भाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचे पीठ कालवून केलेली अंबील हा त्या दिवसाचा थाट असतो. हे पदार्थ चिंचवडच्या सदनिकेत करता येतात, पण बांधावरचे जेवण सदनिकेत आणता येत नाही, आणि म्हणून त्या दिवशी शेजाऱ्यालाही आपल्या गावी घेऊन जाणारी कुटुंबे पदार्थाबरोबर त्याची जागाही वाटून घेत असतात.

गेल्या दोन-तीन दशकांत चाकण आणि तळवड्याच्या वस्त्यांत बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहू लागले, आणि त्यांच्या लिट्टी-चोख्याने एक विलक्षण ओळख पटवून दिली. लिट्टी म्हणजे सत्तू, अर्थात भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, भरून गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा, आणि चोखा म्हणजे भाजलेल्या वांग्याचे किंवा बटाट्याचे मोहरीच्या तेलातील भरीत. वऱ्हाडातील रोडगेही गोवरीच्याच निखाऱ्यात भाजतात, तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. वऱ्हाडी माणसाने लिट्टी फोडावी आणि त्याला आपल्या शेतातील रोडग्यांची पंगत आठवावी, यात नवल नाही. गहू, गोवरी आणि वांगे जेथे जेथे शेतकऱ्याच्या हाताशी आहेत तेथे तेथे असेच जेवण सुचत आले आहे. अनोळखी वाटलेल्या माणसाच्या ताटात स्वतःचे शेत दिसणे हा या औद्योगिक पट्ट्याने दिलेला मोठा संस्कार आहे, आणि परप्रांतीय हा शब्द तुच्छतेने उच्चारला जाण्याच्या काळात तो जपण्याची फार गरज आहे.

या साऱ्या देवघेवीत एका घराची आठवण मात्र अनेकदा मागे पडते, आणि ते घर म्हणजे यजमानाचे. ज्यांच्या जमिनींवर हे कारखाने उभे राहिले त्या खेड, हवेली आणि मावळातील गावांचे स्वतःचे पदार्थ आहेत. शिजवलेले बेसन ओल्या कापडावर थापून, त्यात तीळ, खोबरे, कांदा आणि लसूण यांचे सारण भरून, माशासारखा त्रिकोणी घाट देऊन वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढायच्या, ही मासवडी जुन्नर-खेडच्या बाजूची खास ओळख आहे. हुलग्याचे, म्हणजे कोकणात ज्याची पिठी करतात त्या कुळथाचे, पीठ लसूण-मिरचीने मळून, हातावर वळून आधणात शिजवलेले शेंगोळे हे थंडीतील जेवण. त्याला ना भाजी लागते ना भाकरी. कोकणातून आलेल्या कुटुंबाला शेंगोळ्यात आपलाच कुळीथ भेटतो, खान्देशातील कुटुंबाला मासवडीत आपल्या पाटवडीची बहीण दिसते. तरीही या नगरीत जन्मलेल्या कित्येक मुलांना शेवभाजी आणि तांबडा रस्सा ठाऊक असतो, पण शेंगोळे ठाऊक नसतात. ज्या मातीवर आपण राहतो तिच्या पदार्थाला आपल्या आवडीत स्थान देणे, हे तेथे स्थायिक झाल्याचे खरे लक्षण मानले पाहिजे.

१९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या सोप्या मापांमुळे, सासू-आईपासून दूर संसार मांडणाऱ्या असंख्य घरांना ते आधार वाटले. मापे पुस्तकात सापडतात. परंतु वांगे कोणत्या काड्यांवर भाजायचे आणि येसर कोणत्या टंचाईतून जन्मले हे सांगणारी माणसे शेजारी राहत असतात, आणि ती सांगण्यास उत्सुकही असतात. म्हणून नवा पदार्थ आपलासा करताना त्याच्याबरोबर त्याचे गाव, त्याचा ऋतू आणि शिकवणाऱ्या घराचे नावही मुलांना सांगण्याची सवय प्रत्येक कुटुंबाने लावून घ्यावी. हे भरीत जळगावकडच्या शेजाऱ्यांनी शिकवले, ही मासवडी याच तालुक्यातील आजींची, असे जेवताना सांगितले जाईल, तर कारखान्यांसाठी एकत्र आलेल्या या लाखो माणसांच्या वस्तीला एकमेकांविषयीच्या कृतज्ञतेचा पाया लाभेल, आणि कोणत्याही नगराला यापेक्षा भक्कम पाया क्वचितच मिळतो.